पन्नास पावलांवरचं शिसं

तासगावात टायरवाल्याकडे गाडीच्या चाकांचं बॅलन्सिंग चाललं होतं. रिमवरून उचकटून टाकलेलं एक जुनं वजन मी सहज हातात घेतलं. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, पण तळहाताला त्याचा भार चांगला जाणवला. खिळ्यानं ओरखडल्यावर काळपट अंगावर चांदीसारखी रेघ चमकली. हे शिसं! पाण्याच्या अकरा पटींहून जड. लोखंड आठ पटीसुद्धा भरत नाही.

असलीच टाकाऊ वजनं अमेरिकेतले हौशी शिकारी वर्षानुवर्षं वितळवत आले आहेत. घरच्या घरी साच्यात गोळ्या ओतायच्या, त्या रिव्हॉल्वरच्या मापाच्या बंदुकीत भरायच्या आणि अगदी जवळून हरीण मारायचं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मला मनापासून हवासा वाटतो. तरी त्या संथ गोळीचं गणित समजल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

सुरुवात धातूपासूनच करू. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणजे शिशाला भट्टी नको, भाता नको. चुलीतले निखारे आणि लोखंडी पळी पुरे. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवरच्या स्वारीत धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले, त्या काळातल्या बंदुकांची गोळी अशी छावणीतसुद्धा ओतता येत असे. नुसतं शिसं मात्र फार मऊ. त्यात थोडं अँटिमनी मिसळलं की ते कडक होतं, आणि कथील घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट उतरतो. चाकाच्या त्या वजनात अँटिमनी आधीच असायचं, म्हणून शिकाऱ्यांना त्याचं एवढं अप्रूप.

आता वेग पाहा. अकरा मिलिमीटर जाडीची, पंधरा-सोळा ग्रॅमची अशी गोळी सेकंदाला साधारण तीनशे मीटर जाते. आवाज त्याहून पुढे पळतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. आधुनिक रायफलची गोळी वजनानं हलकी, पण जवळजवळ तिप्पट वेगाची. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे संथ गोळीकडे रायफलच्या पाचव्या हिश्शाइतकीच ऊर्जा उरते. मग हरीण पडतं कशानं? फुप्फुसांतून आरपार गेलेल्या छिद्रानं. वेगवान मऊ गोळी अंगात शिरताच फुलते, पुष्कळदा फुटते. कडक ओतीव गोळी आकार फारसा न बदलता, स्वतःच्या वजनाच्या रेट्यानं सरळ पलीकडे निघते. रक्तस्राव आणि फुप्फुसांतून निघून जाणारी हवा पुढचं काम करतात.

फुटण्याची गोष्ट साधी नाही. रायफलनं मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले, तेव्हा जखमेभोवती शिशाचे शेकडो बारीक कण विखुरलेले दिसले. शिकाऱ्यानं मागे टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातली काँडॉर गिधाडं शिशाच्या विषानं मेली. तिथे २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला पूर्ण बंदी आहे. संथ गोळी कमी फुटते खरी, पण शिसं ते शिसंच.

गोळीचा वेग मोजणार तरी कसा, हा प्रश्न इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सनं १७४२मध्ये विलक्षण साधेपणानं सोडवला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला यावरून वेग काढायचा. त्यातून कळलं की हवा गोळीला लोकांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त अडवते, आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास हा अडथळा एकदम वाढतो. डोळ्यांना न दिसणारी हवा शिशाला भिंतीसारखी लागते! आपली संथ गोळी त्या भिंतीच्या अलीकडूनच चालते.

तिला खरी ओढ जमिनीची. पंचवीस मीटर जाईपर्यंत ती साडेतीन सेंटिमीटर खाली येते, म्हणजे बोटाची दीड-दोन पेरं. पन्नास मीटरवर चौदा सेंटिमीटर, अर्ध्या वितीहून जास्त. शंभर मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त, आणि तेवढ्यात नेम छातीवरून पायांवर येतो. अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट. शिकारी अंतराच्या अंदाजात थोडा चुकला तर जनावर जखमी होऊन रानात तडफडतं. म्हणून या गोळीचा सारा हिशोब जवळ जाण्यावर येऊन थांबतो.

मध्य भारताच्या जंगलात फिरलेल्या जेम्स फोर्सिथनं १८६०च्या दशकात शिकारी रायफलींवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याची पसंती शिशाच्या गोल गोळीला होती, कारण आपल्या दाट रानात जनावर दिसतं तेच मुळी जवळ. त्यानं दारू भरपूर भरून गोळीला वेग दिला आणि नळीतले आटे अगदी सैल पिळाचे ठेवले, म्हणजे गोळी त्यांवरून निसटणार नाही.

जवळ जाण्याची कला आमच्या मुलखात गोळीविनाही पराकोटीला गेली होती. कोल्हापूर दरबारात पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरत. चित्ता जनावरांत सर्वांत वेगवान, पण त्याचा दम काही शे मीटरांतच संपतो. संथ गोळीसारखाच तोही लांबून निकामी. म्हणून डोळ्यांवर झापड बांधून त्याला बैलगाडीतून न्यायचे. माणूस पायी आला की काळवीट उधळायचं, पण बैलगाडी रोज शेतातून जाताना बघितलेली असायची, तिला ते बुजायचं नाही. गाडी तिरकी तिरकी सरकत जवळ जाई, मग झापड निघे.

हे वाचल्यापासून सागरेश्वरला गेलो की मी अंतर मोजतो. तासगावहून तासाभराच्या वाटेवरचं हे अभयारण्य वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभं राहिलं. १९८५मध्ये ते जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट. मागच्या खेपेला वाटेवर चितळाची एक मादी उभी होती. मी एकेक पाऊल टाकत गेलो. साठ पावलांवर तिनं मान वर केली. पन्नासावर कान माझ्याकडे वळले. चाळिसाच्या आसपास तिनं पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा. मी थांबलो. तिची शेपटी वर गेली, पांढरा झुपका चमकला, आणि करवंदीच्या जाळीमागून आधी न दिसलेली आणखी चार चितळं एकदम निघाली.