परदेशातील अध्यापन आणि जोडीदाराचा रोजगार

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील माध्यमिक शाळांच्या शिक्षककक्षात परदेशी नोकरीची चर्चा आता अपूर्वाईची राहिलेली नाही. भारतीय शिक्षकांनी परदेशी जाण्याची परंपरा तशी जुनी आहे. १९५० व १९६० च्या दशकांत इथिओपियातील शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने काम करीत होते. १९७३ नंतर तेलाच्या उत्पन्नाने आखाती देशांचा कायापालट झाला, तेथे भारतीय वस्ती वाढली आणि तिच्या मुलांसाठी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या. अलीकडे इंग्लंड व अमेरिका येथेही गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्यांना मागणी आहे.

या स्थलांतराचा विचार करताना एक बाब मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. नियुक्तिपत्र येते ते एकाच्या नावे. देश सोडून जाते ते संपूर्ण कुटुंब. उपनगरातील मध्यमवर्गीय घरात आज पती व पत्नी दोघेही मिळवते असतात. सदनिकेचे कर्ज दोघांच्या वेतनाच्या आधारे मिळालेले असते. अशा घरातील एक व्यक्ती शिक्षक म्हणून परदेशी निघाली, की दुसरीने आपली नोकरी सोडून बरोबर जावे, तिथे गेल्यावर काहीतरी मिळेलच, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती टिकते, हे त्या व्यक्तीच्या कर्तबगारीवर फारसे अवलंबून नसते. ते मुख्यतः तिच्या हाती कोणत्या प्रकारचा व्हिसा आहे यावर अवलंबून असते. म्हणूनच जोडीदाराच्या कामाचा प्रश्न तेथे पोहोचल्यावर नव्हे, तर नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी सोडवावयास हवा.

देशोदेशीचे नियम

इंग्लंडचे उदाहरण प्रथम घेऊ. तेथील शाळेने कुशल कामगार व्हिसावर शिक्षक म्हणून नेमल्यास बरोबर जाणाऱ्या पतीला किंवा पत्नीला जवळजवळ कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांनाही इंग्लंडमधील ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा मिळण्यासाठी थेट अर्ज करता येतो. मात्र ही सवलत ११ ते १६ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविण्याची पात्रता असणाऱ्यांपुरती आहे. प्राथमिक शाळेचा पदविकाधारक शिक्षक या मार्गात बसत नाही. दोघेही शिक्षक असतील, तर एकाला दर्जा मिळून दुसरा त्यापासून वंचित राहणे शक्य आहे. शिवाय खर्चही मोठा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून तेथील आरोग्य अधिभार प्रत्येक प्रौढ व्यक्तीस दरसाल १,०३५ पौंड असा आहे आणि तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी अगोदरच भरावा लागतो. तीन वर्षांसाठी पती-पत्नीचे मिळून ६,२१० पौंड झाले. व्हिसाचे शुल्क त्याहून वेगळे.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथील शाळा परदेशी शिक्षकांना सामान्यतः जे-१ या विनिमय व्हिसावर नेतात. त्याची मुदत प्रथम तीन वर्षांपर्यंत असते. बरोबर जाणाऱ्या जोडीदारास जे-२ व्हिसा मिळतो. त्यास नोकरी करता येते. परंतु तेथे पोहोचल्यावर कार्यपरवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि परवाना हाती येईपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही. ही प्रतीक्षा काही महिन्यांची असू शकते. आणखी एक अट आहे. जोडीदाराचे उत्पन्न मूळ शिक्षकाच्या चरितार्थासाठी आवश्यक आहे, असे दाखविता येत नाही. म्हणजे संसार एका वेतनात चालेल, हे आधीच सिद्ध करावयाचे असते. शिक्षकास जे-१ ऐवजी एच-१बी व्हिसा मिळाला तर जोडीदार एच-४ वर जातो. २०१५ पासून अशा जोडीदारांपैकी काहींना काम करता येऊ लागले. पण त्यासाठी मूळ व्हिसाधारकाचा कायम वास्तव्याकडे नेणारा अर्ज विशिष्ट टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असावा लागतो. नव्याने गेलेल्या शिक्षकाच्या घरी ही अट सहसा पूर्ण होत नाही. अशा वेळी उच्चशिक्षित पती वा पत्नीला वर्षानुवर्षे घरी बसण्याची पाळी येते.

संयुक्त अरब अमिरातीत पती किंवा पत्नीच्या जबाबदारीवर निवासी परवाना घेतलेल्या व्यक्तीला नोकरी करता येते. मात्र तिला नेमणाऱ्या मालकाने तिच्यासाठी कामाचा परवाना काढणे आवश्यक असते. तो नसताना शिकवणी घेणे किंवा दुकानात काम करणे हा कायदेभंग ठरतो. पूर्वी तेथे स्त्रीने पतीचा निवासी परवाना काढावयाचा तर ती शिक्षिका, डॉक्टर किंवा अभियंता अशा ठरावीक व्यवसायांत असावी लागे. २०१९ पासून व्यवसायाऐवजी उत्पन्नाचा निकष लावण्यात येतो. तेव्हा शिक्षिका असलेल्या भगिनींनी आपले वेतन त्या निकषात बसते किंवा नाही, हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावे. जर्मनीत कुशल कामगाराच्या जोडीदारास कुटुंबासाठीचा निवासी परवाना मिळाल्यावर काम करण्याचा हक्क असतो. परंतु शिक्षकाची पात्रता तेथील प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते व जर्मन भाषेवर उत्तम प्रभुत्वाची अपेक्षा करते. एकूण, जेथे शिक्षकाला प्रवेश सुलभ तेथे जोडीदाराला तो तसा असेलच असे नाही. आणि याच्या उलटही घडते.

एक साधा हिशेब

समजा, बोरिवलीतील एका कुटुंबात पत्नी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविते व पती खाजगी कार्यालयात लेखापाल आहे. तिचे वेतन दरमहा ६०,००० रुपये, त्याचे ५०,००० रुपये आणि कर्जाचा हप्ता ४५,००० रुपये आहे. तिला परदेशी नियुक्ती मिळाली. नवे वेतन रुपयांत मोजले तर दोन्ही वेतनांच्या बेरजेहून अधिक भरते, आणि येथेच हिशेबात चूक होते. परदेशातील घरभाडे, मुलांचे शिक्षण, विमा व प्रवास हा खर्च तेथील चलनात होतो. हप्ता मात्र येथे चालूच राहतो. पतीला पहिले सहा महिने काम मिळाले नाही तर कुटुंब तग धरील काय, हा प्रश्न कागदावर मांडून पाहावा. वृद्ध आईवडिलांच्या देखभालीचा खर्चही त्याच कागदावर यावा.

पैशाइतकीच दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. लेखापाल, परिचारिका किंवा अभियंता यांच्या व्यवसायात दोन-तीन वर्षांचा खंड पडला की परतल्यावर पूर्वीची जागा मिळणे कठीण होते. काही जण भारतातील मालकाचे काम संगणकावरून परदेशात बसून करण्याचा विचार करतात. तेही त्या देशाच्या व्हिसाच्या अटींत बसते किंवा नाही आणि कर कोठे भरावा लागेल, याची खात्री करून घेतल्याशिवाय सुरू करू नये.

कागदपत्रे दोघांची

वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘विदेश भवना’त ऑगस्ट २०१७ पासून पारपत्र कार्यालय, उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आणि परराष्ट्र मंत्रालयाचे शाखा सचिवालय एकाच छताखाली आणण्यात आले. त्यामुळे उपनगरवासीयांची पायपीट पुष्कळशी वाचली आहे. कागदपत्रे तयार करताना ती केवळ शिक्षकाची नव्हे, तर जोडीदाराचीही एकाच वेळी तयार करावीत. तिथे गेल्यावर नोकरी चालून आली आणि पदवीचे प्रमाणपत्र साक्षांकनासाठी पुन्हा मुंबईस पाठवावे लागले, तर ती संधी तोवर थांबत नाही.

भारताच्या बाबतीत हेग येथील अपॉस्टिल करार १४ जुलै २००५ पासून अमलात आला. या करारातील देशांसाठी राज्य शासनाच्या अधिकृत अधिकाऱ्याचे साक्षांकन व त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल मुद्रा पुरेशी होते. ओमान २०१२ मध्ये, बहरीन २०१३ मध्ये आणि सौदी अरेबिया २०२२ मध्ये या करारात सामील झाले. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या वकिलातीचेही साक्षांकन घ्यावे लागते.

नावातील तफावत ही आपल्याकडील नेहमीची अडचण आहे. पत्नीची पदवी माहेरच्या नावे, पारपत्र सासरच्या नावे आणि विवाहनोंदणीत तिसरेच शुद्धलेखन, असे वारंवार आढळते. हा फरक शासकीय राजपत्रातील नावबदलाने किंवा प्रतिज्ञापत्राने निघण्यापूर्वीच मिटवावा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकांची मंजुरी घ्यावी लागते. पदवीधर शिक्षकास ती लागत नाही. ही सोय खरी. पण याचाच अर्थ असा की त्याचा सेवाकरार कोणतेही शासकीय कार्यालय तपासून देत नाही. ती जबाबदारी त्याची स्वतःची. भरती करणारा अभिकर्ता नोंदणीकृत आहे काय, हे शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथे नोकरीत रूपांतर करून घेऊ, असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी शाळेकडून लेखी घ्याव्यात : कुटुंबाचा व्हिसा कोण काढणार व खर्च कोणाचा, घर कुटुंबासाठी की एकट्यासाठी, मुलांच्या शुल्कात सवलत किती, जोडीदारही शिक्षक असल्यास त्याचा अर्ज त्याच शाळेत विचारात घेतला जाईल काय, आणि करार मुदतीपूर्वी संपल्यास कुटुंबाच्या परतीच्या प्रवासाची तरतूद काय.

मागे राहणारी नोकरी

शाळेतील नोकरीचा राजीनामा घाईने देऊ नये. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना १९७७ चा अधिनियम व १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या शिक्षकांसाठी त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. दीर्घ रजा मिळू शकते काय, पदावरील हक्क राहतो काय, हे सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी घेऊनच तिकीट काढावे. मंजुरीविना गैरहजर राहिल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. राजीनामा दिल्यास पूर्वीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावण्याचाही संभव असतो. जोडीदार शासकीय वा निमशासकीय सेवेत असल्यास त्यालाही हीच काळजी घ्यावी लागेल.

पंचायतीचा वाटा

हा विषय केवळ शहराचा आहे, असे मात्र नाही. उपनगरात राहणाऱ्या अनेक दांपत्यांचे विवाह कोकणात, साताऱ्यात वा खानदेशात आपापल्या गावी झालेले असतात. १९९८ च्या विवाहनोंदणीविषयक अधिनियमानुसार ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा विवाह निबंधक असतो. मुंबईत ही नोंदणी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयांत होते. जसे बोरिवलीस आर मध्य, मुलुंडला टी आणि घाटकोपरला एन विभाग. विवाहाचा दाखला हाच जोडीदाराच्या व्हिसाचा मूलाधार आहे. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नावातील एक अक्षर चुकले, तर त्याची किंमत हजारो मैलांवर एका व्यक्तीला आपल्या नोकरीने मोजावी लागते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नोंद करताना दोघांची शैक्षणिक प्रमाणपत्रे समोर ठेवून नावे लिहावीत आणि पंचायत सदस्यांनी नववधूवरांना नोंदणी त्वरित करण्यास उद्युक्त करावे. मुख्याध्यापकांनीही अनुभवाचे दाखले पदनाम, विषय, इयत्ता व कालावधी यांचा स्पष्ट उल्लेख करून द्यावेत.

परदेशांचे नियम वरचेवर बदलतात. म्हणून अर्ज करतेवेळी त्या त्या देशाच्या वकिलातीकडून ताजी माहिती घेणे इष्ट ठरेल. एक गोष्ट मात्र बदलणारी नाही. बरोबर जाणारी व्यक्ती ही सामानाबरोबर नेण्याची वस्तू नव्हे. तिचे शिक्षण, तिची वर्षे आणि तिचे उत्पन्न यांवर त्या घराचा अर्धा भार उभा असतो. दुसऱ्या नोकरीचा विचार पहिल्या नियुक्तिपत्राबरोबरच झाला, तर परदेशी अध्यापनाचा अनुभव संपूर्ण कुटुंबाला समृद्ध करील. तो झाला नाही, तर एकाच्या उत्कर्षाची किंमत दुसऱ्याला मुकाट्याने मोजावी लागेल.