धाब्याच्या खारीपासून छताच्या पडद्यापर्यंत

धुळे-जळगावकडच्या जुन्या गावांत धाब्याची घरे अजून दिसतात. लाकडी तुळया, त्यांवर कड्या-फळ्या, मग काड्यांचा थर, मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पांढरट खारी. पावसाळ्यापूर्वी नवी खारी पसरायची, हे दरवर्षीचे काम. छत जवळजवळ सपाट, तरी ते गळत नाही. असे का होते?

चिकणमातीचे कण ऋणभारित असतात. त्यांना कॅल्शियमचे आयन चिकटले, की कणांच्या गुठळ्या बनतात आणि मधल्या फटींतून पाणी झिरपते. खाऱ्या मातीत सोडियमचे आयन जास्त. ते कणांना असे बांधून ठेवू शकत नाहीत. पाऊस पडताच कण सुटे होतात, फुगतात आणि फटी बुजवतात. म्हणजे पहिल्या सरींनीच छतावर पाणी अडवणारा पडदा तयार होतो. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतो आणि ती सुधारायला जिप्सम घालतो. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. शेतातला दोष छतावर गुण ठरला! तळ कापलेल्या दोन बाटल्या उलट्या धरून, तोंडाला फडके बांधून, एकीत काळी माती व दुसरीत खारी भरा आणि वरून पाणी ओता. फरक मुलांना लगेच दिसेल.

पण या पडद्याला वजन आहे. एक चौरस मीटरवर 1 सेंमी जाडीची कोरडी माती साधारण 15 किलो भरते. 3 मीटर × 4 मीटरच्या खोलीवर दरवर्षी तेवढीच खारी टाकली, तर 10 वर्षांत किती भार वाढेल? 1,800 किलो! त्यात झडीचे पाणी मुरले आणि खाली तुळई वाळवीने पोखरलेली असली, तर धाबे कोसळते. म्हणूनच नवी खारी टाकण्याआधी जुनी खरवडून काढणे महत्त्वाचे.

सिमेंटच्या स्लॅबचे दुखणे वेगळे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचे हवेचे तापमान 45 अंशांपर्यंत जाते. उघडा स्लॅब त्याहून बराच तापतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 10 मीटर लांबीचा स्लॅब सुमारे 4 ते 5 मिमी लांबतो. हे रोजचे आकुंचन-प्रसरण भेगा पाडते. सिमेंटचा गिलावा ताणला जात नाही, म्हणून तोही फुटतो. येथे ताणला जाणारा पडदा हवा.

नुसते डांबर उन्हात पातळ होते, पुढे वाळून तडकते. म्हणून त्यात बहुवारिके मिसळतात आणि मध्ये पॉलिएस्टरचे अस्तर घालून 3-4 मिमी जाडीच्या गुंडाळ्या करतात. त्यांतले एक मिश्रण जळगावकरांच्या ओळखीच्या पदार्थाचे आहे. येथील कारखान्यांत चटया विणतात त्या पॉलिप्रॉपिलिनच्या. त्याच्या साखळीतील मिथिल गट एकाच बाजूला असले, की साखळ्या नीट रचल्या जाऊन कडक धागा मिळतो. ते अस्ताव्यस्त असले, की मऊ, चिकट पदार्थ मिळतो. हाच, ॲटॅक्टिक पॉलिप्रॉपिलिन, डांबरात मिसळला की ते कडक उन्हातही ओघळत नाही. एसबीएस हे रबरासारखे बहुवारिक घातले, तर पडदा जास्त ताणला जातो, थंडीतही. मात्र उष्णता सोसण्यात पहिला सरस. खानदेशात त्यालाच पसंती द्यावी, असे मला वाटते. दोघांनाही अतिनील किरणांपासून जपावे लागते. त्यासाठी वर खनिजाची खडी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो.

डांबराविना होणारे पडदेही आहेत. ईपीडीएम हे कृत्रिम रबर. त्याचे सांधे चिकटवावे लागतात. पीव्हीसी आणि टीपीओ यांचे सांधे गरम हवेने वितळवून जोडतात. पाइपचे पीव्हीसी ताठ असते. पडद्यासाठी त्यात मऊ करणारे द्रव्य मिसळतात. हे द्रव्य हळूहळू निसटते आणि पडदा ठिसूळ होतो. डांबराला टेकले तर ते आणखी लवकर निसटते, म्हणून जुन्या डांबरावर पीव्हीसी थेट अंथरू नये. टीपीओला असे द्रव्य लागत नाही. यांचे पांढरे प्रकार ऊन परतवतात, त्यामुळे खालची खोलीही कमी तापते.

पडदा कोणताही असो, गळती बहुधा कडेलाच सुरू होते: कठड्याच्या कोपऱ्यात, पाइपाभोवती, पन्हाळीच्या तोंडाशी. तेथे पडदा भिंतीवर चढवून खाचेत पक्का बसवावा लागतो. मे-जूनच्या वावटळीत छतावर वरच्या बाजूने ओढ बसते; सुटलेली कड तेथूनच उचलली जाते. शाळेच्या छताचे काम झाले की पन्हाळी बंद करून पाणी साठवावे, किमान 24 तास थांबावे आणि मगच ठेकेदाराचे बिल काढावे.