टाकाऊतून टिकाऊ, पण सगळेच नव्हे!

आपल्या आजीच्या काळी उकिरड्यावर जाणारी वस्तू फार थोडी असे. लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पोतेरे. तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, ही रीत अजून पुसलेली नाही. जून झालेला भोपळा भाजीच्या कामाचा राहत नाही. डोंगरातली माणसे तो वाळवतात, आतला गर काढतात आणि पाण्यासाठी तुंबा करतात. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत तर असे वाळलेले भोपळे नाचणाऱ्यांच्या कमरेला दिसतात.

अशाच काही वस्तू आपल्या घरातही असतात.

जुना माठ : माठातले पाणी गार होईनासे झाले, म्हणजे त्याची छिद्रे क्षारांनी बुजली असे समजावे. असा माठ फेकू नका. बुडाला बारीक भोक पाडून त्यात जुन्या सुती कापडाची वात घट्ट बसवा. लिंबाच्या किंवा आंब्याच्या रोपाशेजारी माठ गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरा. वातीवाटे पाणी मुळाशी हळूहळू झिरपते. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर आत डास होतात.

चुलीची राख : लाकडाची किंवा गोवरीची राख गार करून चाळा. बियाण्यासाठी ठेवलेली तूर, मूग किंवा चवळी कडक वाळवा आणि दाणे झाकले जातील इतकी राख मिसळा. राख दाण्यांमधली जागा भरते, त्यामुळे भुंग्याला हिंडता येत नाही. शिवाय ती त्याच्या अंगावरचे मेणचट कवच खरवडते आणि तो सुकून मरतो. चुलीत प्लॅस्टिक जाळले असेल तर ती राख मात्र वापरू नये. उरलेली राख शेतात पांगवा, पण युरियात मिसळू नका. त्यातील नत्र हवेत उडून जाते.

आता जपून ठेवू नये अशी वस्तू. कपाशी-मिरचीवर फवारणी झाली की घरात रिकामा डबा उरतो. डबा चांगला मजबूत, झाकणही घट्ट. त्यात रॉकेल, तेल, कधी शेतावर न्यायचे पाणीसुद्धा भरले जाते. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, पण ते विष आहे. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले विष राखेने घासूनही जात नाही. घरातल्या लेकराला हा डबा विषाचा की पाण्याचा, हे कसे कळावे?

म्हणून फवारणीच्या वेळीच डब्यात थोडे पाणी घालून तो चांगला हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असे तीनदा करा. मग डब्याला भोके पाडा, म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही. असे डबे बाहेर टाकून न देता, फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत सांगितले आहे. जागा विहीर-नाल्यापासूनही लांब असावी. विषारी द्रव्य लावलेल्या रंगीत बियाण्याची पिशवीही धान्याला वापरू नये.

काटकसर ही घरधनिणीची शोभा. गोधडी शिवा, माठ पुरा, राख साठवा. पण विषाचा डबा उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. आज फडताळात आणि गोठ्यात एकदा नजर टाका. असा डबा सापडला, तर संध्याकाळच्या आत त्याची वाट लावा.