न्हाणीघरातील भांडे कधी बदलावे?

नरक चतुर्दशीच्या पहाटे मागील दारी धगधगणारा तांब्याचा बंब आता बहुतेक मराठी घरांतून गेला आहे. तो गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. धुराने डोळे लाल करून घेणाऱ्या गृहिणीस तर मुळीच नाही. परंतु त्या बंबाचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्याचे दुखणे उघड दिसत असे. डाख सुटला की निखाऱ्यावर थेंब पडून चुर्र असा आवाज होई आणि बंबाची रवानगी तांबटाकडे होई. त्याच्या जागी भिंतीवर चढलेला विजेचा गीझर मात्र आपला आजार पांढऱ्याशुभ्र कवचाआड लपवितो. तो केव्हा दुरुस्त करावा आणि केव्हा निरोप देऊन नवा आणावा, हे ओळखण्याची विद्या आपण अद्याप आत्मसात केलेली नाही.

हैदराबादेतील नारायणगुडा हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली शिक्षणसंस्था याच वस्तीत आहे, आणि मराठी कुटुंबांना हा परिसर परका नाही. आमच्या किनाऱ्यावरून नोकरीनिमित्त हैदराबादेस गेलेल्या माणसास तेथे पहिला फरक जाणवतो तो पाण्याचा. कोकणात जांभ्यातून पाझरलेले विहिरीचे पाणी बहुधा मऊ असते. हैदराबाद वसले आहे ते ग्रॅनाइटच्या खडकावर. मांजरा, कृष्णा आणि गोदावरी यांचे पाणी नळाने येते हे खरे. पण ते अपुरे पडले की कूपनलिकेचे जड, क्षारयुक्त पाणी गच्चीवरच्या त्याच टाकीत चढविले जाते. डाळ शिजावयास वेळ लागला की गृहिणी पाण्यास दोष देते. तेच पाणी गीझरच्या पोटात काय करीत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

जड पाणी तापले की त्यातील चुन्याचा अंश वेगळा होऊन तापणाऱ्या कांडीवर पापुद्र्यासारखा चढतो. पापुद्र्याखाली कांडी प्रमाणाबाहेर तापते आणि अखेर फुटते किंवा जळते. पाणी तापताना गीझरमधून तडतड किंवा गुरगुर ऐकू येऊ लागली, तर हा थर साचल्याची ती खूण समजावी. टाकीस गंज लागू नये म्हणून अनेक गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक सळई बसविलेली असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली की गंज टाकीच्या पत्र्यास लागतो. म्हणून जड पाण्याच्या वस्तीत दरवर्षी टाकी धुऊन ही सळई पाहून घेणे अगत्याचे आहे.

आता निदानाकडे वळू. मुख्य भेद एकच ध्यानात ठेवावा: दुखणे सुट्या भागाचे आहे की टाकीचे? कांडी, थर्मोस्टॅट, रबरी चकती, झडप हे सारे बदलता येते. तेवढ्यासाठी नवा गीझर गळ्यात मारू पाहणाऱ्या विक्रेत्यास नम्रपणे नकार द्यावा. परंतु टाकीच गंजून भोक पडले असेल, तर तिला ठिगळ लावण्यात अर्थ नाही. जोडावरून पाणी ठिबकले तर प्लंबरला बोलवावे. कवचाच्या आतून पाणी झिरपत असेल तर गीझरच बदलावा. गढूळ, तांबूस पाणी केवळ गरम नळास येते की थंड नळासही, हे आधी पाहावे. दोन्हींस येत असल्यास दोष इमारतीच्या नळांचा किंवा गच्चीवरील टाकीचा असू शकतो.

दुसरी परीक्षा घड्याळाची. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास २,००० वॅटच्या गीझरला सुमारे २१ मिनिटे पुरतात. विजेचा दाब ठीक असूनही त्याहून फारच अधिक वेळ लागू लागला, तर कांडीची तपासणी करावी. पाणी लवकर तापूनही बादली भरण्यापूर्वीच कोमट येऊ लागले, तर टाकीतील जागा क्षारांनी व्यापली असण्याचा संभव आहे. आणखी एक सूचना. पंधरा लिटर पाणी एवढे तापताना सुमारे पाव लिटरने फुगते. त्यामुळे तापतेवेळी सुरक्षा झडपेतून चार थेंब पडले तर तो बिघाड नव्हे. ते थेंब थांबविण्यासाठी झडपेस बूच मारणे म्हणजे मात्र संकटास आमंत्रण देणे होय.

सर्वांत गंभीर खूण विजेची. नळास हात लावताच किंचित झिणझिण्या आल्या, किंवा गीझर लावताच घरातील वीज तुटू लागली, तर "उद्या पाहू" असे म्हणू नये. मुख्य कळ बंद करून वायरमनला पाचारण करावे आणि तोवर त्या न्हाणीघरात आंघोळ करू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात हैदराबादेतच एक तरुण दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. गीझरमधून विजेचा धक्का बसल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. ओले अंग, ओली फरशी आणि आतून लावलेली कडी असताना मदतीची हाक बाहेर पोहोचत नाही. वृद्ध आईवडील घरी एकटे असतील तर हा धोका अधिकच. भरवशाचे अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण यांवरील खर्च ही चैन नव्हे.

येथे भाड्याच्या घरांचा प्रश्न उपस्थित होतो. भाडेकरू म्हणतो, वस्तू मालकाची. मालक म्हणतो, वापर तुमचा. या वादात जुना गीझर आणखी दोन हिवाळे काढतो. आमच्या मते टाकी आणि वीजजोडणी यांची जबाबदारी मालकाने घ्यावी, वार्षिक सफाईची भाडेकरूने, आणि ते करारनाम्यात एका ओळीने नमूद व्हावे. वयाचा ठाम नियम सांगता येत नाही; पण आठ-दहा वर्षे जड पाणी पचविलेल्या गीझरची कांडी वर्षाआड जळू लागली, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. नवा घेताना भारतीय मानक चिन्ह, ऊर्जाबचतीचे तारे आणि टाकीची हमी पाहावी. केवळ बाह्य झळाळी पाहू नये.

खंडेनवमीस आपण घरातील अवजारे पुसून त्यांची पूजा करतो. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच अभ्यंगस्नानाची पहाट उजाडते. त्याच आठवड्यात कारागिराला बोलावून गीझरही तपासून घ्यावा. कवचाआडचे दुखणे विचारल्याखेरीज कळणार नाही, आणि ते विचारण्याचे काम घरच्या माणसांचेच आहे.