जुनी व्हॅन घेताय? आधी मागचा ॲक्सल ओळखा!



धंदा सुरू करताना नवी गाडी परवडत नाही, म्हणून आपल्यापैकी बरेच जण दहा-पंधरा वर्षं चाललेली मोठी व्हॅन बघतात. इंजिन चालू करून ऐकतात, टायर दाबतात, कागदपत्रं तपासतात. मागच्या ॲक्सलकडे मात्र कुणी वाकूनसुद्धा बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

दुकानासाठी मी पहिली जुनी व्हॅन घेतली आणि तीन महिन्यांत मागून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "दादा, क्राऊन-पिनियन गेलंय." मी मॉडेल आणि वर्ष सांगून नवा सेट आणला. गाडी खोलली, तर सेट बसेना! आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्याच मॉडेलचा ॲक्सल टाकला होता. पॅकिंग फोडलेलं, त्यामुळे सेट परत गेला नाही. ऐन दिवाळीच्या हंगामात गाडी आठ दिवस उभी आणि माल पोहोचवायला भाड्याचा टेम्पो. नफा तिथेच गेला.

चूक कुणाची? माझीच. आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. ॲक्सलचा नंबर नसतो. म्हणून ॲक्सल स्वतः बघूनच ओळखायचा. कसा, ते बघू.

१. हाऊसिंगचा आकार बघा

दोन चाकांच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात क्राऊन आणि पिनियन असतात. गाडीच्या मागे बसून बघा. मागच्या बाजूला बोल्टने बसवलेलं झाकण आहे का? असेल तर झाकण काढलं की क्राऊन समोर दिसतो आणि बरंचसं काम गाडीखालीच करावं लागतं. मागची बाजू बंद असेल आणि बोल्टची रांग पुढे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या बाजूला असेल, तर तो बँजो टाइप. यात गिअरचा अख्खा संच पुढून बाहेर निघतो आणि टेबलावर ठेवून दुरुस्त करता येतो. बोल्ट मोजा, फोटो काढा.

२. चाकाच्या मध्यभागी बघा

हबचा भाग पुढे आलेला आहे आणि त्यावर गोल प्लेट बोल्टने बसवली आहे, असं दिसलं तर ॲक्सल बहुधा फुल फ्लोटिंग आहे. यात गाडीचं वजन हाऊसिंग पेलतं, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, आणि चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो. सेमी फ्लोटिंगमध्ये तोच शाफ्ट चाकही फिरवतो आणि वजनही पेलतो. तुम्ही पाण्याचे जार, सिमेंट किंवा धान्याची पोती वाहणार असाल, तर हा फरक महत्त्वाचा आहे.

३. रेशो मोजा

यासाठी खडू आणि एक मदतनीस लागतो. गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक सोडावा लागणार आहे, म्हणून जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जायचं नाही. गिअर न्यूट्रल करा. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा.

आता उचललेलं चाक 20 वेळा फिरवा. शाफ्ट किती वेळा फिरला ते मदतनीसाने बाजूने बघून मोजायचं. त्या आकड्याला 10 ने भागा. शाफ्ट 41 वेळा फिरला तर रेशो 4.1. चाक 20 वेळा आणि भागायचं 10 ने, असं का? कारण एक चाक जमिनीवर थांबलेलं असतं, तेव्हा डिफरन्शियलमुळे दुसरं चाक दुप्पट फिरतं.

४. दात मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. 41 आणि 10 दातांचा सेट म्हणजे रेशो 4.10. 37 आणि 9 दातांचा सेट म्हणजे 4.11. खडूने मोजून हा फरक कळणारच नाही आणि एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनवर चालत नाही. म्हणून पार्ट मागवण्याआधी हाऊसिंग उघडून दातांचे आकडे बघा. बहुतेक वेळा ते गिअरवरच कोरलेले असतात. नसतील तर दात मोजा. आणि क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचं.

५. आता धंद्याचं गणित

समजा 4.11 च्या जागी कुणी 37 आणि 8 दातांचा, म्हणजे 4.63 चा सेट टाकलाय. चढावर लोड ओढायला गाडी बरी वाटेल. पण ज्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन 2000 आरपीएमवर चालायचं, तिथे आता साधारण 2250 वर चालेल. मोकळ्या हायवेवर डिझेल जास्त जाणार. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून असेल, तर प्रत्यक्ष 60 चा वेग असताना काटा 67 च्या पुढे दिसेल. किलोमीटरही तेवढेच जास्त पडतील. म्हणजे तुमचा ॲव्हरेजचा हिशोबच चुकला! गावात चढउतारावर फिरायचं की हायवेवर पळायचं, हे आधी ठरवा आणि मग रेशो बघा.

एक छोटी टीप: 2005 आधीच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या कागदांवर बजाज टेम्पो हे नाव दिसेल. तीच कंपनी पुढे फोर्स मोटर्स झाली. पार्ट शोधताना दोन्ही नावांनी विचारा.

सौदा करायला जाताना खिशात खडू ठेवा, मोबाइलमध्ये फोटो घ्या आणि आकडे वहीत लिहा. मालक मोजू देत नसेल, तर टोकन देऊ नका. अर्ध्या तासाचं काम आहे, पण माझ्यासारखे आठ दिवस तुमचे वाया जाणार नाहीत.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!