शब्दांची मुळं : लेथे

पाताळात एक नदी आहे, मेलेल्यांनी तिचं पाणी प्यायचं आणि मागचं सगळं विसरून जायचं. 'लेथे' हा ग्रीक शब्द बहुतेकांच्या कानावर आलेला असतो तो या नदीचं नाव म्हणून. पण इसवी सनापूर्वी 700च्या सुमारास हेसिओद या कवीने देवांची वंशावळ रचली, तीत लेथे नदी नाही. ती कलहदेवता एरिसची लेक आहे, आणि भूक नि कष्ट ही तिची भावंडं. पुढे प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लेथेचं मैदान येतं. झाडझुडूप नाही, जीव घुसमटवणारा उकाडा. वैशाखातल्या दुपारी बेंबळीच्या माळावर उभं राहिलेल्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नव्या जन्माला निघालेले तहानलेले जीव तिथे नदीचं पाणी पितात. ज्याला पोच कमी, तो मापापेक्षा जास्त पितो.

मला मोलाचं वाटतं ते या शब्दाचं मूळ. 'लान्थानो' या क्रियापदाचा अर्थ दडून राहणं, कुणाच्या नजरेला न पडणं. म्हणजे विसरलेली गोष्ट नाहीशी झालेली नसते, ती झाकली गेलेली असते. याच धातूला नकाराचा 'अ' लागून 'अलेथेया' झाला, म्हणजे सत्य. स्वीडनच्या मोसांडरला 1839 साली सेरियमच्या संयुगात लपलेलं एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचं लँथनम हे नावही इथूनच आलं.

अशा झाकलेपणाचं ठसठशीत उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर सांगितलंय. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. पुढे शहराचा थाट गेला आणि तगर नेमकं कुठे हेच कुणाला सांगता येईना. अभ्यासकांनी देवगिरी म्हणून पाहिलं, जुन्नर म्हणून पाहिलं, धारूरही सुचवलं. नाव मात्र मिटलं नव्हतं. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर' ही बिरुदावली अभिमानाने कोरून घेत होते. अखेर 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं दाखवून दिलं. तोवर तेर म्हटलं की लोकांच्या ओठी गोरोबाकाकांचंच नाव येई. वारकऱ्यांच्या पायांखाली व्यापारपेठ आहे याची कुणाला कल्पना नव्हती.

तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर जरा थांबा. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईत निघाली, आणि पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. म्हणजे भारतातलं हस्तिदंती काम तोवर रोमन घरात पोचलं होतं.

पुढच्या आठवड्यात लेथेच्या समोर उभी राहणारी स्मरणदेवता, म्नेमोसिने.