फुकट ते पौष्टिक

भायखळ्याला खून होतो. दादरला पोलीस येतात, घाटकोपरला उधळ्या पुतण्यावर संशय जातो, आणि ठाणं सुटल्यावर घरातली जुनी मोलकरीण काहीतरी सांगायला तोंड उघडते तोच डोंबिवली येतं. बायकांच्या डब्यात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर वाचायचं, तर याच जातीची पुस्तकं लागतात. एकदा मी हट्टाने जाडजूड रशियन कादंबरी उघडली होती. कोण कोणाचा काका हे कळेपर्यंत कुर्ला मागे पडलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून. रहस्यकथेला आणि प्रेमकथेला वाचकाची ही अवस्था ठाऊक असते. दर दहा पानांनी त्या तुम्हाला हळूच आठवण करून देतात की प्रेत वाचनखोलीत आहे आणि नायिका अजून रुसलेली आहे.

गेली काही वर्षं माझा हा उद्योग चालू आहे आणि त्यापायी मी एक रुपयाही मोजलेला नाही. आमच्या घरी याला ‘फुकटचं वाचन’ म्हणतात. ‘मोफत’ म्हटलं की सरकारी योजना वाटते, ‘फुकट’ म्हटलं की त्यात थोडी तुच्छता येते. मला तुच्छतेचा शब्द चालतो. हलकीफुलकी पुस्तकं, तीही फुकट, म्हणजे दोन अपराध एकदम. पण एवढं वाचून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली: आपण काय वाचतो हे आवडीपेक्षा कायद्याच्या कुंपणाने ठरलेलं असतं.

फुकटची दुकानं दोन. एकात जुना माल असतो, दुसऱ्यात आमिष.

जुन्याचं दुकान उघडलं मायकेल हार्ट नावाच्या एका विद्यार्थ्याने. १९७१ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एका अजस्र संगणकावर त्याला वेळ वापरायला मिळाला होता. ४ जुलैच्या सणाची रात्र, किराणा दुकानातून आणलेल्या सामानात अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची छापील प्रत सापडली. तीच त्याने टंकून काढली, सगळी मोठ्या अक्षरांत, कारण त्या यंत्राला लहान अक्षरं नव्हती. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ची ही सुरुवात. आज तिथे ७० हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. २००० सालापासून जगभरचे हौशी लोक घरबसल्या पानं वाटून घेऊन त्यांचं मुद्रितशोधन करतात. मी जेव्हा रात्री साडेआठच्या गाडीत एखादी १९०८ची कादंबरी चुकांशिवाय वाचते, तेव्हा कुणीतरी कुठेतरी तिचा प्रत्येक स्वल्पविराम तपासलेला असतो.

आता कुंपणाची गोष्ट. फुकट वाचणाऱ्याने अगाथा ख्रिस्तीची दोनच पुस्तकं हमखास वाचलेली असत: स्टाइल्समधलं ते पहिलं पॉइरो-प्रकरण आणि ‘द सीक्रेट ॲडव्हर्सरी’. मला आधी वाटायचं, लोकांना हीच जास्त आवडत असतील. खरं कारण वेगळंच. अमेरिकेने १९९८ साली स्वामित्वहक्काची मुदत २० वर्षांनी वाढवली, त्यामुळे १९२३ आणि नंतरची पुस्तकं २०१९ उजाडेपर्यंत अडकून पडली. ही दोन १९२० आणि १९२२ची, म्हणून तेवढीच बाहेर राहिली. आता दर १ जानेवारीला एकेका वर्षाचा साठा खुला होतो. २०२६च्या १ जानेवारीला १९३०ची पाळी होती, म्हणजे मिस मार्पलची पहिली कादंबरी, सेयर्सबाईंची ‘स्ट्राँग पॉयझन’ आणि हॅमेटची ‘माल्टीज फाल्कन’ एकाच सकाळी.

आपल्याकडचा हिशेब निराळा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ख्रिस्तीबाई १९७६ला गेल्या, म्हणजे सरळ हिशेबाने त्या इथे २०३७ला मोकळ्या होणार. ही अक्कल मला उशिरा आली. तोवर स्टाइल्स दोनदा वाचून झालं होतं. तेव्हापासून मी पुस्तक उतरवण्याआधी लेखकाची मृत्युतारीख बघते. वाचायला कसंतरी वाटेल, पण सवय होते.

या दुकानातली माझी सगळ्यात मोठी कमाई म्हणजे अ‍ॅना कॅथरिन ग्रीन. शेरलॉक होम्स अवतरला १८८७ला. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८७८ला, न्यू यॉर्कच्या या वकिलाच्या मुलीने ‘द लेव्हनवर्थ केस’ लिहिली. श्रीमंत म्हातारा वाचनखोलीत गोळी लागून मेलेला, दोन पुतण्या, मृत्युपत्र, नोकरमाणसं, कॉरोनरपुढची साक्ष. पुढे पन्नास वर्षं जो सांगाडा सगळ्यांनी वापरला तो इथे जवळजवळ पूर्ण उभा आहे. तिचा ग्राइस नावाचा गुप्तहेर समोरच्या माणसाकडे कधी बघतच नाही. दाराच्या मुठीकडे, दौतीकडे नाहीतर स्वतःच्या बोटांकडे बघत बोलतो. संवाद नाटकी आहेत, मुली फार मूर्च्छित पडतात, हे कबूल. पण १८९७च्या ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’मध्ये तिने अमेलिया बटरवर्थ आणली आणि माझं तिच्याशी कायमचं जमलं. वयस्क, अविवाहित, खानदानी, शेजारच्या घरात रात्री कोण आलं हे खिडकीतून बघणारी, आणि ‘मी मुळीच चौकस नाही’ असं बजावणारी बाई. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा तीन आहेत. मिस मार्पलची आजी शोधायला मग दुसरीकडे जावं लागत नाही.

मेरी रॉबर्ट्स राइनहार्टचीही गंमत आहे. ती प्रशिक्षित नर्स. १९०३च्या शेअरबाजारातल्या पडझडीत घरचे पैसे बुडाले म्हणून ती लिहायला लागली. ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ १९०८ची. उन्हाळ्यापुरता बंगला भाड्याने घेतलेली प्रौढ बाई, गोल जिना, रात्रीचे आवाज. निवेदन करणारी बाई दर प्रकरणाला हळहळते, तेव्हाच कळलं असतं तर! समीक्षकांनी या पद्धतीची भरपूर टिंगल केली. मला मात्र ही हळहळ आपल्याकडच्या दुपारच्या गप्पांसारखी वाटते; घडून गेलेली गोष्ट सांगताना ‘मला तेव्हाच शंका आली होती’ म्हटल्याशिवाय कुणाचं पुढे सरकतं?

फर्गस ह्यूमची ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ १८८६ची, मेलबर्नची. त्याने स्वतःच्या खर्चाने छापली, खपतेय असं दिसल्यावर हक्क ५० पौंडांना विकून टाकले, आणि मग ती लंडनमध्ये प्रचंड खपली. पुस्तक ठीक. लेखकाची गोष्ट पुस्तकापेक्षा चटका लावते. ऑस्टिन फ्रीमन डॉक्टर होता. ‘द सिंगिंग बोन’मध्ये (१९१२) त्याने खुनी आधीच दाखवून टाकला आणि तो पकडला कसा जातो एवढंच मागे ठेवलं. थोडा रुक्ष आहे, सूक्ष्मदर्शकाखालच्या धुळीवर पानंच्या पानं खर्च करतो, तरी सकाळच्या गाडीला चालतो. बॅरोनेस ऑर्त्सीचा कोपऱ्यातला म्हातारा संध्याकाळसाठी उत्तम. चहाच्या दुकानात बसून दोरीच्या गाठी मारत नि सोडत तो एका तरुण पत्रकार मुलीला पोलिसांना न सुटलेली प्रकरणं उलगडून सांगतो. गुन्हेगाराला पकडून द्यावं असं त्याला अजिबात वाटत नाही. एक कथा म्हणजे दादर ते ठाणं.

आणि ए. ए. मिल्न. ‘विनी द पू’च्या आधी चार वर्षं, १९२२ला, या माणसाने एकच रहस्य-कादंबरी लिहिली, ‘द रेड हाउस मिस्टरी’. पुढे रेमंड चँडलरने एका निबंधात तिच्या कथानकाच्या चिंध्या केल्या: पोलीस इतके आंधळे कसे, ओळख पटवण्याचे साधे प्रश्न कुणी विचारत कसं नाही. त्याचा एकेक मुद्दा बिनतोड आहे. तरीही मी ती कादंबरी तीनदा वाचली आणि चँडलरचा निबंध एकदाच. उन्हाळ्याची दुपार, दोन मित्र, तळ्याकाठच्या थट्टामस्करीच्या गप्पा. खून हे तिथे जमण्याचं निमित्त.

प्रेमकथांचा कप्पा उघडताना मात्र जपून. ई. एम. हलची ‘द शेख’ (१९१९) एके काळी बायका उशाखाली लपवून वाचत, १९२१ला तिच्यावर व्हॅलेंटिनोचा चित्रपट आला. वाळवंटातल्या शेखाने पळवून नेऊन बळजबरी केलेली मुलगी शेवटी त्याच्याच प्रेमात पडते. मी अर्ध्यावर फोन बंद केला. जुनं आहे म्हणून सगळंच निरागस नसतं. एथेल डेलची ‘द वे ऑफ ॲन ईगल’ (१९१२) सुरू होते ती हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या वेढा पडलेल्या किल्ल्यात; किल्ल्याबाहेरच्या माणसांना त्यात चेहरासुद्धा नाही. तेवढं सोसूनही नायक-नायिकेची ओढाताण पुढे वाचायला लावते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तोंडाची चव परत आणायला जीन वेब्स्टरची ‘डॅडी-लाँग-लेग्ज’. १९१२ची. अनाथाश्रमातली मुलगी, तिच्या कॉलेजचा खर्च करणारा न पाहिलेला माणूस, आणि तिने त्याला लिहिलेली पत्रं. उत्तर कधीच नाही. यात रहस्य आणि प्रेम एकाच सुईने विणलेलं आहे. वाचकाला खूप आधी कळतं, तिला कळत नाही. वेब्स्टर १९१६ला मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी वारली. मार्क ट्वेन तिच्या आजोळचा. एलिझाबेथ फॉन आर्निमची ‘द एन्चांटेड एप्रिल’ (१९२२) म्हणजे पावसाळी लंडनला कंटाळलेल्या चार बायका आणि इटलीतला भाड्याचा किल्ला. लेखिका पोर्टोफिनोच्या अशाच किल्ल्यात राहिली होती. लोकलमधल्या घामात ही कादंबरी पंख्याचं काम करते.

आमिषाच्या दुकानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथे आजचे लेखक मालिकेचं पहिलं पुस्तक फुकट देतात, म्हणजे पुढची आठ तुम्ही विकत घ्यावीत. घटस्फोटानंतर आपल्या गावी परतलेली बाई, तिची बेकरी, मांजर, देखणा पोलीस अधिकारी आणि अप्रिय नगरसेवकाचं प्रेत. शेवटी केकची कृती. मी अशी तीसेक वाचली असतील. दोन केक मात्र खरोखर चांगले झाले. मराठीतही ‘प्रतिलिपी’वर क्रमशः प्रेमकथांचा पूर आहे आणि पुढचा भाग लगेच हवा असेल तर नाणी मोजायची. दीडशे भागांत नायकाने अजून हात धरलेला नसतो.

आता आपल्या घरचं. ज्यांनी मराठी माणसाला हलकंफुलकं वाचायला लावलं ते चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबुराव अर्नाळकर, १९९६ला गेले. हजारावर रहस्यकथा, झुंजार, काळापहाड, धनंजय. हिशेबाने ते २०५७ला मोकळे होतील. मी नव्वदीच्या घरात असेन. फडक्यांच्या कादंबऱ्या २०३९ला. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि दारा बुलंद. यांची जी पुस्तकं आमच्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीत महिन्याच्या वर्गणीवर फिरून फिरून पिवळी पडली, त्यांतली काही पुन्हा छापली गेली, बरीचशी लायब्ररीबरोबर रद्दीत गेली. ती विकतही सापडत नाहीत आणि फुकटही मिळत नाहीत.

बरं, जे कायद्याने मोकळे आहेत त्यांचं तरी काय? गोविंद नारायणशास्त्री दातार घ्या. लंडनची रहस्यं आठवड्याच्या पेनी अंकांतून विकणाऱ्या रेनल्ड्सची कथानकं त्यांनी आपल्या मातीत रुजवली. ‘बंधुद्वेष’, ‘कालिकामूर्ती’, ‘शालिवाहन शक’ यांनी तेव्हाच्या वाचकांच्या झोपा उडवल्या. दातारशास्त्री गेले १९४१ला. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरही गेले. रवींद्रनाथांचं साहित्य १९९१च्या अखेरीला खुलं होऊ नये म्हणून आपल्या कायद्यातली ५० वर्षांची मुदत ६० केली गेली, आणि त्या रेट्यात दातारशास्त्रीही दहा वर्षं कुलपात राहिले. २००२च्या १ जानेवारीला दोघेही सुटले. रवींद्रनाथांना आवृत्त्यांवर आवृत्त्या मिळाल्या. जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या वाट्याला मात्र बहुतेकदा आली ती नुसती स्कॅन केलेली पानं.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. तिरका, ग्रंथालयाच्या शिक्क्यासह, कधी पान धरणाऱ्याच्या अंगठ्यासह. तो फोनवर मोठा केला की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते, मग बोटाने ओढत ओढत वाचायचं. धक्काबुक्कीत हे जमत नाही, आणि चाळिशी लागलेल्यांना बसूनही जमत नाही. ग्रीनबाईंचं १८७८चं पुस्तक मला हव्या त्या आकाराच्या अक्षरात वाचता येतं, कारण कुणीतरी ते मजकुरात उतरवलं. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकं मोफत ठेवली आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठान नवी पुस्तकं फुकट पोचवतं, हे मोठं काम आहे. पण ‘मुक्तामाला’ या जुन्या कादंबरीपासून दातारशास्त्र्यांपर्यंतचं हे हलकं म्हणून हिणवलेलं वाङ्मय अक्षरशः टंकून काढायला कुणाला वेळ झालेला नाही. संत-पंतांना प्राधान्य, काळ्या बुरख्यातल्या नायकाला कोण विचारतो?

मराठी विकिस्रोतावर हे काम कुणालाही करता येतं. एका बाजूला जुनं पान दिसतं, दुसऱ्या बाजूला तुम्ही टंकायचं. तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या कुणी ते पुन्हा तपासलं की हिरवं. मी गेल्या चैत्रात सुरुवात केली. जाताना वाचते, येताना टंकते. तुमच्या माळ्यावर एखादी जुनी, फाटकी रहस्य-कादंबरी असेल तर ती रद्दीत देऊ नका. लेखकाची मृत्युतारीख बघा, ६० वर्षं उलटली असतील तर फोनने पानांचे नीट फोटो काढून चढवा. पिवळं पान हिरवं करायला दुसरा माणूस लागतो.